पिअर्स ब्रॉस्नन, अभिनेता आणि निर्माता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिअर्स ब्रॉस्ननबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळते ते बहुतेक जेम्स बाँडवर सुरू होते आणि तिथेच संपते. त्यामुळे येणारे प्रश्नही बाँडचेच जास्त असतात. या माणसाची कारकीर्द नीट लावून पाहिली तर तिची वळणे अभिनयापेक्षा करारातल्या कलमांनी ठरलेली दिसतात. म्हणून इथे कागदपत्रांचा विषय वारंवार येईल.

ब्रॉस्नन मूळचा कुठला?

जन्म १६ मे १९५३, आयर्लंडच्या लाउथ परगण्यातले द्रॉहडा. वाढला शेजारच्या मीद परगण्यात, नॅव्हन या गावी. वडील तान्ह्या वयातच घर सोडून गेले. आई नर्सिंग करायला लंडनला गेली आणि मुलगा आजी-आजोबांकडे, नातेवाइकांकडे राहिला. १२ ऑगस्ट १९६४ ला, अकरा वर्षांचा असताना, तो आईकडे लंडनला गेला. बाँडचा जनक इयन फ्लेमिंग नेमका त्याच दिवशी वारला. हा योगायोग खरा आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

तो नाटकातून आला की मॉडेलिंगमधून?

नाटकातून. मॉडेलिंगची समजूत त्याच्या दिसण्यामुळे झाली असावी. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, सेंट मार्टिन्स या कलाशाळेत व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले. लंडनच्या एका नाट्यकार्यशाळेत तोंडातून आग काढण्याचा खेळ शिकला आणि काही काळ तो करूनही दाखवला. पुढे ड्रामा सेंटर लंडनमध्ये तीन वर्षांचे रीतसर शिक्षण घेऊन १९७५ मध्ये बाहेर पडला. १९७७ मध्ये टेनेसी विल्यम्स यांच्या एका नाटकाच्या लंडनमधील प्रयोगात त्याला चांगली भूमिका मिळाली. पडद्यावर तो पहिल्यांदा ठळक दिसतो १९८० च्या 'द लाँग गुड फ्रायडे'मध्ये. तिथे तो जवळजवळ मुका मारेकरी आहे आणि शेवटच्या दृश्यात गाडीच्या पुढच्या सीटवरून पिस्तूल रोखून नुसता बघतो. तेवढ्यावर त्याची दखल घेतली गेली.

'रेमिंग्टन स्टील' ही काय भानगड आहे?

अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर १९८२ ते १९८७ या काळात चाललेली मालिका. लॉरा होल्ट नावाची हुशार गुप्तहेर बाई असते, पण बाईकडे कामे येत नाहीत. म्हणून ती 'रेमिंग्टन स्टील' नावाचा एक साहेब कल्पनेतून उभा करते आणि ऑफिसवर त्याची पाटी लावते. एक देखणा भामटा ते नाव उचलून थेट साहेब म्हणून येऊन बसतो. हा भामटा म्हणजे ब्रॉस्नन. हलकीफुलकी, चटपटीत संवादांची मालिका आहे. त्याचे विनोदाचे अंग कळायचे असेल तर बाँडपेक्षा ही जास्त उपयोगी.

१९८६ मध्ये बाँडची भूमिका हातात येऊन गेली, ती नेमकी कशी?

मालिकेत काम करणारा नट अमेरिकेत सहसा अनेक वर्षांच्या करारात बांधलेला असतो. दरवर्षी मालिका चालू ठेवायची की नाही हे वाहिनी ठरवते, नटाला तो अधिकार नसतो. मालिका रद्द झाली तरी ठरावीक मुदतीपर्यंत वाहिनीला निर्णय फिरवता येतो. ब्रॉस्ननच्या बाबतीत ही मुदत साठ दिवसांची होती.

१९८६ मध्ये एनबीसीने मालिका रद्द केली. तिकडे रॉजर मूर निवृत्त झाले होते आणि बाँडपटांचे निर्माते अल्बर्ट ब्रोकली यांनी ब्रॉस्ननला पसंत केले. ही बातमी फुटल्याबरोबर मालिकेकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले. फुकटात एवढी जाहिरात होते म्हटल्यावर एनबीसीने मुदत संपता संपता मालिका पुन्हा सुरू करण्याचा हक्क वापरला. ब्रोकलींना दर आठवड्याला टीव्हीवर फुकट दिसणारा बाँड नको होता. त्यांनी देऊ केलेली भूमिका मागे घेतली आणि ती टिमथी डाल्टनला गेली.

यातला खरा बोचरा भाग पुढेच आहे. पुन्हा सुरू झालेल्या पाचव्या पर्वात मालिकेचे जेमतेम सहा तासांचे भाग तयार झाले आणि ती कायमची बंद पडली. नटाला त्यात 'नाही' म्हणायची सोयच नव्हती.

मग १९९४ मध्ये तो परत कसा आला?

डाल्टनचे दोन चित्रपट झाले, १९८७ आणि १९८९ मध्ये. त्यानंतर बाँडचे हक्क असलेली कंपनी आणि स्टुडिओची नवी मालकी यांच्यात कोर्टकज्जे सुरू झाले आणि सहा वर्षे एकही बाँडपट आला नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये डाल्टनने भूमिका सोडत असल्याचे जाहीर केले. जूनमध्ये ब्रॉस्ननचे नाव घोषित झाले. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. तेहतिसाव्या वर्षी मिळाली असती त्यापेक्षा ही भूमिका त्याला आता जास्त शोभली, असे आमचे मत. १९८६ चा ब्रॉस्नन फारच कोवळा दिसतो.

मधल्या आठ वर्षांत तो रिकामा नव्हता. 'द फोर्थ प्रोटोकॉल' (१९८७) मधला थंड डोक्याचा सोव्हिएत हस्तक, 'मिस्टर जॉन्सन' (१९९०), 'द लॉनमोअर मॅन' (१९९२) आणि 'मिसेस डाउटफायर' (१९९३) मधला सभ्य प्रतिस्पर्धी ही या काळातली कामे. त्याची पहिली पत्नी, अभिनेत्री कॅसँड्रा हॅरिस, १९९१ च्या डिसेंबरमध्ये बीजाशयाच्या कर्करोगाने गेली. तिने १९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली' या बाँडपटात काम केले होते आणि त्याच चित्रीकरणाच्या वेळी ब्रोकलींनी ब्रॉस्ननला पहिल्यांदा पाहिले होते.

त्याचे बाँडपट किती आणि कोणते आधी पाहावेत?

चार. 'गोल्डनआय' (१९९५), 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७), 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' (१९९९) आणि 'डाय अनदर डे' (२००२). कथा स्वतंत्र आहेत, त्यामुळे क्रम पाळला नाही तरी चालते. वेळ एकाच चित्रपटापुरता असेल तर 'गोल्डनआय'. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल. पाइनवूड स्टुडिओत जागा नसल्यामुळे लेव्हसडेन इथल्या जुन्या विमान-इंजिन कारखान्यात सेट उभारले गेले, आणि तीच जागा पुढे मोठा स्टुडिओ झाली. सुरुवातीची धरणावरून मारलेली उडी स्वित्झर्लंडमधल्या व्हेर्झास्का धरणावर घेतली. उंची सुमारे २२० मीटर, उडी मारणारा स्टंटमन वेन मायकल्स. ज्युडी डेंच 'एम', म्हणजे बाँडच्या वरिष्ठ, झाल्या त्याही इथूनच.

गल्ल्याच्या हिशेबात मात्र शेवटचा सर्वांत मोठा. 'गोल्डनआय'ने जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर मिळवले, 'डाय अनदर डे'ने ४३ कोटींच्या आसपास. 'टुमॉरो नेव्हर डाइज' अमेरिकेत १९ डिसेंबर १९९७ ला लागला, म्हणजे 'टायटॅनिक'च्याच दिवशी, त्यामुळे पहिला क्रमांक हुकला. 'डाय अनदर डे'मधली अदृश्य होणारी गाडी आणि संगणकावर बनवलेली लाट यांची चेष्टा आजही होते, आणि ती चेष्टा रास्तच आहे.

बाँड असताना इतर चित्रपटात टक्सिडो घालायची बंदी होती म्हणतात. खरे आहे का?

हो. बाँडपटांच्या करारात असे कलम होते की त्या काळात बाँडव्यतिरिक्त कुठल्याही चित्रपटात त्याने पूर्ण टक्सिडो, म्हणजे बो लावलेला मेजवानीचा काळा सूट, घालायचा नाही. प्रेक्षकाला बाँडची आठवण होईल असा पेहराव दुसऱ्या निर्मात्याने वापरू नये, हा हेतू. १९९९ च्या 'द थॉमस क्राउन अफेअर'मधला नाचाचा प्रसंग पाहा. बाकी सगळे कडक मेजवानीच्या वेशात, आणि आपला नायक कॉलर उघडी ठेवून, बो सोडून आलेला. बेफिकीर श्रीमंताला ते शोभूनही दिसते.

पाचवा बाँडपट का झाला नाही?

मूळ करार तीन चित्रपटांचा आणि चौथ्याचा पर्याय, असा होता. चौथा झाल्यावर कराराने कोणीच कोणाला बांधील नव्हते. पाचव्यासाठी बोलणी सुरू झाली होती, ती निर्मात्यांनी थांबवली. ब्रॉस्नन त्या वेळी बहामाजमध्ये 'आफ्टर द सनसेट'चे चित्रीकरण करत होता आणि ही बातमी त्याला फोनवरून कळली, असे त्याने अनेक मुलाखतींत सांगितले आहे. निर्मात्यांना मालिका नव्याने, तरुण बाँडपासून सुरू करायची होती. ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनियल क्रेगचे नाव जाहीर झाले.

तो निर्माता कधी झाला? स्वतःचे पैसे घालतो का?

१९९६ मध्ये, म्हणजे पहिला बाँडपट चालल्यावर लगेच, त्याने निर्माती बो सेंट क्लेअर हिच्याबरोबर 'आयरिश ड्रीमटाइम' ही कंपनी काढली. ही भागीदारी सेंट क्लेअरच्या मृत्यूपर्यंत, २०१६ पर्यंत टिकली. नटांच्या कंपन्या बहुधा नावापुरत्या असतात, ही तशी नव्हती.

पैशाबद्दल गैरसमज फार आहे. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे लावणारा, असे सरळ समीकरण आहे. हॉलिवूड पद्धतीत नटाच्या कंपनीचे मुख्य काम चित्रपट जुळवून आणणे हे असते. कादंबरी किंवा संहिता शोधायची, तिचे हक्क ठरावीक मुदतीसाठी बांधून ठेवायचे, लेखकाकडून मसुदे करून घ्यायचे, दिग्दर्शक गाठायचा आणि मग हा गठ्ठा घेऊन स्टुडिओकडे किंवा स्वतंत्र गुंतवणूकदारांकडे जायचे. नटाचे नाव हेच कंपनीचे भांडवल. तो नाव देतो, बहुतेकदा मानधनही कमी करतो, आणि बदल्यात दिग्दर्शक कोण, सहकलाकार कोण, कथेत काय ठेवायचे यावर त्याला हक्काने बोलता येते.

मोठा स्टुडिओ पाठीशी असला तर खर्च तो उचलतो. नसला तर पैसा तुकड्यातुकड्यांनी गोळा होतो. वेगवेगळ्या देशांचे वितरण हक्क आधीच विकायचे, चित्रीकरणाच्या देशाची करसवलत मिळवायची, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज किंवा खासगी गुंतवणूक. बँक कर्ज देण्याआधी पूर्णत्वाची हमी मागते. चित्रपट ठरल्या खर्चात आणि वेळेत पुरा होईल असे लिहून देणारी वेगळी कंपनी असते, तिची फी साधारण बजेटच्या दोन-तीन टक्के, शिवाय अडीनडीसाठी दहा टक्के रक्कम बाजूला ठेवावी लागते. मुख्य नट आजारी पडला किंवा जखमी झाला की हे सगळे गणित कोसळते, म्हणून त्याचा वेगळा विमा. 'डाय अनदर डे'च्या वेळी ब्रॉस्ननच्या गुडघ्याला इजा होऊन चित्रीकरण थांबवावे लागले होते. बाँडपटाला ते झेपते, छोट्या निर्मात्याला नाही.

आयरिश ड्रीमटाइमचे चित्रपट कोणते?

पहिला 'द नेफ्यू' (१९९८), आयर्लंडच्या एका बेटावर येणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन भाच्याची गोष्ट. ब्रॉस्नन त्यात आहे, पण मध्यवर्ती नाही. 'द मॅच' (१९९९) हा स्कॉटलंडच्या खेड्यातला फुटबॉलचा विनोदी चित्रपट, तो फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. त्याच वर्षीचा 'द थॉमस क्राउन अफेअर' कंपनीचा सर्वांत यशस्वी. सुमारे ४.८ कोटी डॉलर खर्च, जगभरचा गल्ला साधारण १२.४ कोटी. पुढे 'एव्हलिन' (२००२), ज्युलिअन मूरबरोबरचा 'लॉज ऑफ अट्रॅक्शन' (२००४), 'द मॅटाडोर' (२००५), 'द ग्रेटेस्ट' (२००९), 'द नोव्हेंबर मॅन' (२०१४) आणि आयरिश दिग्दर्शक जॉन मूर यांचा 'आय. टी.' (२०१६).

यांतला 'द मॅटाडोर' चुकवू नका. ब्रॉस्नन यात दारूने, एकटेपणाने खचलेला भाडोत्री मारेकरी आहे, मिशा वाढवलेला, विक्षिप्त. मेक्सिको सिटीच्या हॉटेलात तो चड्डी आणि बूट एवढ्यावर लॉबीतून चालत जातो. बाँड नुकताच हातून गेलेला असताना त्याने हे निर्माता म्हणून स्वतःसाठी निवडले. दुसऱ्या कोणी त्याला ही भूमिका दिली असती असे वाटत नाही. जानेवारी २००५ मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, तिथे वितरक मिळाला, आणि ब्रॉस्ननला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले.

'थॉमस क्राउन'मधली चोरी खऱ्या संग्रहालयात चित्रित झाली का?

नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आत चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. दालने सेटवर उभारली. चोरीला जाणारे फ्रेंच चित्रकार मोनेचे व्हेनिसमधल्या संध्याकाळचे चित्र प्रत्यक्षात वेल्समध्ये, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन यांचा पहिला चित्रपट 'नोमॅड्स' (१९८६) हाही ब्रॉस्ननचाच होता. १९६८ च्या मूळ चित्रपटाची नायिका फे डनवे इथे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दिसते. मूळ चित्रपट आणि बाँड दोन्ही एमजीएम-युनायटेड आर्टिस्ट्स या एकाच घरचे, त्यामुळे नव्या निर्मात्याला दार ठोठवायला दूर जावे लागले नाही.

एखाद्या चित्रपटाची घोषणा होते आणि मग वर्षानुवर्षे काहीच होत नाही. असे का?

हक्क बांधणे आणि हक्क विकत घेणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत म्हणून. निर्माता लेखकाला छोटी रक्कम देतो, बहुधा ठरलेल्या पूर्ण किमतीच्या दहा टक्क्यांच्या घरातली. त्या बदल्यात वर्ष-दीड वर्ष ती कृती दुसऱ्या कोणाला विकली जात नाही. पूर्ण किंमत चित्रीकरण सुरू होताना द्यायची. मुदतीत पैसा उभा राहिला नाही तर आणखी रक्कम देऊन मुदत वाढवावी लागते, नाहीतर हक्क लेखकाकडे परत जातात. 'द नोव्हेंबर मॅन'चे उदाहरण घ्या. बिल ग्रेंजर यांच्या शीतयुद्धाच्या काळातल्या हेरकादंबरीवरचा हा चित्रपट ब्रॉस्ननच्या मनात फार वर्षे होता. प्रत्यक्ष चित्रीकरण झाले तेव्हा तो साठीला आलेला, कथानक शीतयुद्धातून उचलून आजच्या काळात आणलेले, आणि मुक्काम खर्च कमी येणाऱ्या बेलग्रेडमध्ये. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन, ज्यांच्याबरोबर ब्रॉस्ननने आधी 'डान्टेज पीक' (१९९७) केला होता.

'थॉमस क्राउन'च्या पुढच्या भागाचीही अनेक वर्षे चर्चा होती. तो झाला नाही.

श्रेयनामावलीत तो कधी निर्माता, कधी कार्यकारी निर्माता असतो. फरक काय?

'निर्माता' हे श्रेय साधारणपणे चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ज्याने ओढून नेला त्याला मिळते. 'कार्यकारी निर्माता' हे नाव मराठी वाचकाला फसवते. आपल्याकडे कार्यकारी निर्माता सेटवर धावपळ करणारा असतो, तिकडे ते श्रेय पैसा आणणाऱ्याला, हक्क मिळवून देणाऱ्याला किंवा ज्याच्या नावावर चित्रपट उभा राहिला त्या नटाला दिले जाते. 'थॉमस क्राउन', 'एव्हलिन', 'मॅटाडोर' यांत ब्रॉस्नन निर्माता आहे. 'द नोव्हेंबर मॅन'मध्ये निर्माते म्हणून बो सेंट क्लेअर आणि श्रीराम दास ही नावे येतात. म्हणून केवळ कंपनीची पाटी पाहून अंदाज बांधू नये, नामावली थांबवून वाचावी.

'एव्हलिन' खऱ्या घटनेवर आहे का?

आहे. डब्लिनचा रंगारी डेझमंड डॉइल याची बायको १९५३ मध्ये घर सोडून गेली. बाप बेकार, म्हणून मुलांना चर्चच्या चालवलेल्या औद्योगिक शाळांत ठेवण्यात आले. काम मिळाल्यावर त्याने मुले परत मागितली तेव्हा १९४१ चा बालकांविषयीचा कायदा आडवा आला. मुलाला सोडवायला दोन्ही पालकांची संमती हवी, आणि आईचा तर पत्ता नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५५ च्या अखेरीस ते कलम घटनाबाह्य ठरले. दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड यांनी ही गोष्ट जरा जास्तच गोड केली आहे. शाळांमधला छळ पडद्यावर सौम्य होऊन येतो. तरी वडिलांविना वाढलेल्या नटाने मुलांसाठी भांडणारा बाप स्वतः निर्माता होऊन उभा केला, हे पाहताना मनात राहते.

आयर्लंडमध्ये चित्रपट काढणे निर्मात्याला परवडते का?

'कलम ४८१' नावाची करसवलत आहे. पात्र खर्चाच्या सर्वसाधारणपणे ३२ टक्क्यांपर्यंत रक्कम निर्मात्याला परत मिळू शकते आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात एका प्रकल्पामागची खर्चमर्यादा ७ कोटींवरून १२.५ कोटी युरोपर्यंत वाढवली गेली. शिवाय सरकारी चित्रपट मंडळ १९९३ मध्ये नव्याने सुरू झाले, ते २०१८ पासून 'स्क्रीन आयर्लंड' या नावाने चालते. म्हणूनच कथा अमेरिकेत घडणारी आणि चित्रीकरण डब्लिनला, असा प्रकार होतो. 'लॉज ऑफ अट्रॅक्शन'मधले बरेचसे न्यूयॉर्क असेच डब्लिनमध्ये उभे केले आहे.

ब्रॉस्ननने भारतात काम केले आहे का? तो उदयपूरचा बाँड तोच ना?

उदयपूरचा बाँड म्हणजे १९८३ चा 'ऑक्टोपसी', कबीर बेदी असलेला. त्यात रॉजर मूर होते. ब्रॉस्ननचा एकही बाँडपट भारतात घडत नाही.

पण बाँड व्हायच्या कितीतरी आधी तो जयपूर परिसरात येऊन काम करून गेला. चित्रपट 'द डिसीव्हर्स' (१९८८), निर्माते मुंबईत जन्मलेले, सेंट झेवियर्समध्ये शिकलेले इस्माईल मर्चंट, दिग्दर्शक निकोलस मेयर. काळ १८२५, विषय ठगी. विल्यम सॅव्हेज नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी वेष पालटून ठगांच्या टोळीत शिरतो आणि हळूहळू स्वतःच त्या रक्ताच्या नशेत ओढला जातो. सोबत शशी कपूर, सईद जाफरी आणि नीना गुप्ता. रंग फासून 'देशी' झालेला गोरा नायक आज खटकतो, ठगीचे चित्रणही इंग्रजी चष्म्यातले आहे. चित्रीकरण मात्र सुरेख. १९८६ मध्ये बाँड हुकल्यानंतरचे हे काम, हे लक्षात ठेवून पाहावा.

पानमसाल्याची जाहिरात त्याने खरेच केली होती?

केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'पान बहार'च्या जाहिरातीत दाढी वाढवलेला ब्रॉस्नन डबी हातात घेऊन वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर झळकला आणि देशभर टिंगल झाली. त्यानंतर त्याने जाहीर निवेदन दिले. आपल्याला हे उत्पादन तोंडाला ताजेपणा देणारे, तंबाखू, सुपारी किंवा अपायकारक काही नसलेले म्हणून सांगितले होते, कराराबाहेर जाऊन आपली छबी वापरली गेली, ती सगळीकडून काढावी, असा त्याचा मुद्दा होता. पत्नी आणि दत्तक मुलगी दोघीही कर्करोगाने गेल्याचा उल्लेखही त्यात होता. २०१८ मध्ये दिल्ली सरकारच्या तंबाखू नियंत्रण कक्षाने त्याला नोटीस पाठवली, त्यावरही त्याने फसवणूक झाल्याचेच उत्तर दिले.

महाराष्ट्रात तर २०१२ पासून गुटखा आणि पानमसाला दोन्हींच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे ज्या वस्तूची जाहिरात वाचक पाहत होते ती राज्यात विकणेच बेकायदा होते. परदेशी नटाला हे माहीत नसेल, ते समजण्यासारखे आहे. पण अशा करारात उत्पादनाचे घटक, जाहिरातीचा अंतिम मसुदा नटाला दाखवण्याची अट आणि ती मोडल्यास करार रद्द करण्याचा हक्क, या तीन गोष्टी त्याच्या वकिलांनी पाहायला हव्या होत्या. साठ दिवसांच्या कलमाने ज्याचे आठ वर्षांचे नुकसान झाले त्याच्या बाबतीत हे व्हावे याचे आश्चर्य वाटते.

त्याला गाता येते का?

'मामा मिया!' (२००८) पाहून स्वतः ठरवा. चित्रपटाने जगभर ६० कोटी डॉलरच्या वर कमाई केली आणि ब्रॉस्ननला त्या वर्षीच्या वाईटातल्या वाईट सहअभिनेत्याचा 'रॅझी' मिळाला. २०१८ च्या दुसऱ्या भागात तो पुन्हा आला, गायलाही. लाज न बाळगता केलेले काम म्हणून ते आवडणारेही खूप आहेत.

मोठे पुरस्कार कोणते?

ऑस्करचे नामांकनही नाही. गोल्डन ग्लोबची दोन नामांकने, एक १९८० च्या दशकात 'नॅन्सी अॅस्टर' या ब्रिटिश मालिकेसाठी आणि दुसरे 'मॅटाडोर'साठी. 'द घोस्ट रायटर'मध्ये (२०१०) त्याने रंगवलेला माजी ब्रिटिश पंतप्रधान हे त्याचे उत्तम काम आहे आणि आयरिश अकादमीने त्यासाठी त्याला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार दिला.

तो आयरिश, ब्रिटिश की अमेरिकन?

जन्माने आयरिश. २००४ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, आयरिश नागरिकत्व कायम आहे. २००३ मध्ये ब्रिटनने 'ओबीई' ही पदवी दिली ती मानद, कारण तो ब्रिटिश नागरिक नाही. उच्चाराचा घोळ बालपणाचा आहे. लंडनच्या शाळेत मुले त्याला 'आयरिश' म्हणून हाक मारत, आणि तो उच्चार हळूहळू पुसला गेला. त्यामुळे गंमत अशी की आयरिश भूमिका केली की त्याच्याच देशातले लोक उच्चारावर टीका करतात. २०२५ च्या 'मॉबलँड' मालिकेत हेच झाले.

बाँड सोडून काय पाहू?

मॅटाडोर, घोस्ट रायटर आणि 'द टेलर ऑफ पनामा' (२००१), याच क्रमाने. तिसऱ्यात तो बाँडच्या ऐन काळात लबाड, घाणेरड्या मनाचा ब्रिटिश हेर झाला आहे. जॉन बोरमन यांचे दिग्दर्शन, ल कारे यांची कथा. हाणामारी हवी असेल तर 'द फॉरेनर' (२०१७), जॅकी चॅन समोर, दिग्दर्शक पुन्हा मार्टिन कॅम्पबेल. बाकी 'ग्रे आउल' (१९९९) केवळ रिचर्ड अॅटनबरो यांचा म्हणून पाहायचा असेल तर पाहा, संथ आहे.

सध्या काय चालू आहे?

सत्तरी ओलांडल्यावर कामे वाढलीच आहेत. 'ब्लॅक अॅडम' (२०२२) मध्ये डॉक्टर फेट, 'द लास्ट रायफलमन' (२०२३) मध्ये ब्याण्णव वर्षांचा माजी सैनिक. २०२५ मध्ये सोडरबर्ग यांचा 'ब्लॅक बॅग', टॉम हार्डी आणि हेलन मिरेनबरोबर 'मॉबलँड', आणि नेटफ्लिक्सवर 'द थर्सडे मर्डर क्लब'. 'जायंट'मध्ये तो मुष्टियोद्धा नसीम हमीदचे आयरिश प्रशिक्षक ब्रेंडन इंगल रंगवतो.

आणि तो चित्रे काढतो, ती विकली जातात का?

जातात. पहिल्या पत्नीच्या आजारपणाच्या काळात त्याने पुन्हा कुंचला हातात घेतला. २०१८ मध्ये कान महोत्सवाच्या वेळच्या एड्स निधीच्या लिलावात त्याने काढलेले बॉब डिलनचे चित्र १४ लाख डॉलरला गेले.